अंगात येणारी जीप

गुरुवारची सकाळ. खडकमाळच्या मठासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. डोंगरकड्याहून, आखाडा बाळापूरहून, पार औंढ्याच्या बाजूनं टेम्पो भरभरून माणसं आली होती. कुणी केळीचं पाणी अर्ध्यावर सोडून आलं होतं, कुणी हळदीची काढणी. बाया उन्हात बसलेल्या, बापे कठड्यावर चढलेले, आणि सगळ्यांचे डोळे एकाच वस्तूवर. एका पांढऱ्या जीपवर.

तिला जीप म्हणायची सोय नव्हती. रथ म्हणायचं. बॉनेटवर हळदकुंकवाचे पट्टे, आरशांना लाल फडकी, आणि आत ड्रायव्हरच्या समोर झेंडूचा असा जाड हार की स्टिअरिंगच्या डावीकडचं काही दिसू नये.

मठाच्या मधोमध लिंबाचा पार होता आणि त्या पाराभोवती सिमेंटचं गोल रिंगण. नुकतंच केलेलं, कोरडं खणखणीत, जेमतेम एक गाडी वळेल एवढं. ज्या माणसावर संशय, त्याला रथाच्या मागच्या सीटवर बसवायचं आणि रिंगणाला फेरी मारायची. माणूस निर्मळ असेल तर रथ घरंगळल्यासारखा फिरायचा. करणी करणारं असेल तर रथाच्या अंगात यायचं.

"भक्तांनो, ह्यो रथ डिझेलवर चालत न्हाई! ह्यो सत्यावर चालतो!" पारावरून रथानंद महाराज माइकमध्ये गरजला. "चार चाकं म्हंजी चार वेद! चार दिशा! पाप आत बसलं की चारी वेद रुसतात!"

सत्यावर चालणारा हा रथ दर बुधवारी पंपावर उभा राहून टाकी भरून घ्यायचा. ते सगळ्या पंचक्रोशीनं पाहिलं होतं. पण भक्ताला जे दिसतं ते सगळंच त्याच्या डोक्यापर्यंत जातं असं नाही.

गर्दीच्या मागं मोहिनी उभी होती. वय एकोणतीस. याच गावच्या मेंढ्या राखणाऱ्या घरातली पोरगी. बाप सटवाजी तिच्या लहानपणीच गेला, आणि चुलती चांगुणाबाईनं तिला शिकवलं. आता ती नांदेडला एका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होती. नखांच्या कडांत काळं ऑइल कायमचं बसलेलं. सकाळी सहालाच तिला गावच्या आशा कार्यकर्तीचा, पद्माबाईचा फोन आला होता. "मोहिनी, आज तुझ्या काकूला रथात बसवून राहिलेत. जमलं तर ये."

भानगड अशी होती. गावातले मातब्बर शेतकरी किशनराव यांची नात पुनम, नऊ वर्षांची. दोन महिन्यांपासून ती अचानक खाली पडायची, हातपाय ताठ व्हायचे, तोंडाला फेस यायचा. पद्माबाईनं तीनदा घरी जाऊन सांगितलं, "काका, ही फिटची तक्रार हाय, दवाखान्यात न्या." घरच्यांनी तिला चहा पाजला आणि पोरीला मठात नेलं. महाराजानं सांगितलं, गावातल्याच बाईची करणी आहे, संशयाच्या बायांची यादी करा.

यादीत पाच नावं आली. पाचही विधवा. पाचपैकी एकीच्याही दारात ट्रॅक्टर नव्हता की घरात मोठ्यानं बोलणारा पुरुष नव्हता. चांगुणाबाईचं नाव शेवटी होतं. तिचा गुन्हा असा, की पुनम पहिल्यांदा पडली त्या दिवशी ती स्वतःच्या मेंढवाड्यात कोकरू मांडीवर घेऊन बसली होती.

एकेक बाई रथात बसू लागली. "बसा आई," महाराज माइकवरून म्हणायचा. ड्रायव्हर शिवप्रसाद, भगवा सदरा घातलेला, तोंडातून शब्द न काढणारा माणूस, गाडी चालू करायचा. रथ पाराभोवती गुळगुळीत फिरायचा. चार बाया सुटल्या. उतरल्यावर चौघींनीही रथाच्या बंपरला डोकं टेकवलं, आणि एक तर तिथंच रडत बसली.

"बस माय," महाराज म्हणाला.

चांगुणाबाई उठली. बासष्ट वर्षांची, वाळक्या अंगाची बाई. रथात चढताना कुठं धरावं तेही तिला कळेना. लुगडं सावरून ती सीटच्या कडेवर टेकली. शिवप्रसादनं गाडी चालू केली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं. रथ चार हात गेला आणि खालून असा कण्हला, जणू कुणी त्याचं पोट आवळलं. मग हिसका. मग दुसरा हिसका. गाडी जागच्या जागी थरथरली, उडी मारल्यासारखी पुढं सरकली, चाकं किंचाळली, आणि ब्रेक न लावता रथ उभा राहिला.

गर्दीतून एकच किंकाळी उठली.

मोहिनीच्या हातावर काटा आला. ही गोष्ट तिनं नंतर स्वतःहून कबूल केली. एका क्षणापुरती आतली खडकमाळची पोरगी वर आली आणि मास्तरीण खाली दबली. तेवढ्यात शिवप्रसादनं पुन्हा अॅक्सिलेटर दाबला, रथ पुन्हा तसाच कण्हला, आणि मास्तरीण जागी झाली. हा आवाज तिनं ऐकला होता. मागच्याच वर्षी, वर्कशॉपच्या सिमेंटच्या अंगणात, एका शिकाऊ पोरानं गाडी चुकीच्या गिअरजोडणीत वळवली होती तेव्हा.

"धरली! रथानं धरली!" महाराज पारावर नाचू लागला. "चारी वेद थांबले! आता तीर्थ!"

दोन चेल्यांनी रथाच्या पुढच्या चाकावर तांब्यानं पाणी ओतलं आणि खाली परातीत धरलं. टायरवरची माती, शेण, रस्त्यावरचं ऑइल, सगळं घेऊन ते पाणी परातीत उतरलं. काळं, वर तवंग आलेलं. पहिली वाटी पुनमला. पोरगी तोंड फिरवू लागली तशी तिच्या आईनं तिचं नाक दाबलं. मागचे तीन गुरुवार ती हेच पीत होती. दुसरी वाटी चांगुणाबाईला.

मोहिनी कोपरानं माणसं सारत पुढं घुसली. पण गर्दी दाट होती. ती पोचेपर्यंत काकूनं घोट गिळला होता. हनुवटीवर काळा ओघळ उतरला होता आणि तो पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. हे पाणी एखाद्या गुरापुढं ठेवलं असतं तर गुरानं हुंगून मान फिरवली असती. आणि इथं हजार माणसं हात जोडून बघत होती, आणि त्यातली निम्मी काकूला नावानं ओळखत होती.

"पुढच्या गुरुवारपर्यंत हिनं गावच्या पाण्याला हात लावायचा न्हाई," महाराजानं निकाल दिला. "त्या दिवशी रथापुढं कबूल व्हायचं, अन् गाव सोडायचं. तवाच लेकरू बरं हुईल."

"अन् लेकराला दवाखाना?" मोहिनीनं खालून विचारलं.

महाराज हसला. "दवाखान्यात वेद असतात का, ताई?"

लोकही हसले. किशनराव मात्र हसले नाहीत. ते तिच्याजवळ आले. थकलेले होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. नातीच्या काळजीनं माणूस पार खचला होता, आणि म्हणूनच त्यांच्यावर धड रागही करता येईना.

"मोहिनी, तू शिकलेली पोरगी हायस. पर तूबी डोळ्यानं पाह्यलं ना?"

"पाह्यलं, काका."

"मंग?"

मोहिनीनं रिंगणाकडं पाहिलं. जिथं रथ अडला होता, तिथं सिमेंटवर रबराचे काळे ओरखडे होते. आजचे ताजे, आणि त्यांच्याखाली जुने. बऱ्याच आधीच्या गुरुवारांचे.

घरी आल्यावर चांगुणाबाई मेंढवाड्याच्या कुडाला टेकून बसली. शेजारची मंजुळाबाई रोज संध्याकाळी तिच्याकडं यायची, ती आज आली नाही. तिच्या दारातलं फाटक मात्र लावल्याचा आवाज आला.

"काकू, तोंड धू. गरम पाणी पी अन् उलटी काढून टाक."

"राहू दे." चांगुणाबाई जमिनीकडं बघत बोलली. "मोहिनी, मी इचार करून राहिले. एकदा किशनरावच्या म्हशीनं माझी कडब्याची गंजी खाल्ली, तवा मी शिवी देल्ती. त्याच्यानं तर झालं नसंल?"

"काकू!"

"मानूस खोटं बोलतं गं. माझ्यावर खार खाऊन बोलंल कुनी. पर लोखंड काहून खोटं बोलंल? गाडीचं अन् माझं काय वैर? माझ्यात असंलबी काही. मलाच ठाऊक नसंल."

एका बाईला गावानं चेटकीण म्हणणं वाईट. त्या बाईनं रात्रंदिवस स्वतःच्या पोटात चेटकीण शोधत बसावं, हे त्याहून घाण. त्या महाराजानं काळं पाणी पाजलं ते निदान उलटून पडलं असतं. हे कसं काढायचं?

मोहिनी उठली आणि काकूला हाताला धरून दारात घेऊन आली. सकाळी चाऱ्याचा टेम्पो येऊन दारासमोरच्या मऊ मातीत वळून गेला होता. चाकांच्या खुणा स्वच्छ उमटल्या होत्या.

"काकू, नीट बघ. वळताना पुढचं चाक कुठून गेलं, मागचं कुठून?"

चांगुणाबाई वाकली. आयुष्यभर पायांच्या खुणांवरून हरवलेली मेंढी शोधणारी बाई ती. तिला दाखवावं लागलं नाही. "पुढचं भायेरून गेलं. मागचं आतून कापत गेलं. ट्रॅक्टरची ट्रॉली जाते तसं."

"बराबर." मोहिनीनं मेंढ्यांची दोरी घेतली, बाहेरच्या खुणेवर अंथरली, गाठ मारली. मग तीच दोरी आतल्या खुणेवर. हातभर दोरी उरली. "पुढचं चाक जास्त चाललं, मागचं कमी. आता ही दोन्ही चाकं जुवाला बांधल्यासारखी ताठ जखडून टाकली, दोघांनी सारखंच फिरायचं म्हनलं, तर?"

"वढाताण हुईल की."

"तेच. मातीत असतील तर चाकं जरा घसरतील अन् वढाताण निघून जाईल. पर कोरड्या सिमेंटवर टायर घसरत न्हाई. मंग गाडीच्या पोटात तिढा पडतो. ती कण्हते, हिसके देते, शेवटी अडते."

मग मोहिनीनं काकूला त्या जीपचं सांगितलं. चारही चाकांना जोर देणारी गाडी. तिला एक खटका असतो. खटका 'ऑटो'वर ठेवला की डांबरी रस्त्यावर गाडी मागच्या चाकांच्या जोरावर चालते आणि पुढची चाकं मोकळी फिरतात. पावसात किंवा चिखलात मागचं चाक घसरलं, तर गाडीचा कॉम्प्युटर तेवढ्यापुरता पुढच्या चाकांनाही जोर देतो आणि काम झालं की काढून घेतो. माणसाला कळतसुद्धा नाही. पण खटका 'लॉक'वर टाकला की पुढची-मागची जखडली. ते चिखलासाठी, रेतीसाठी. कोरड्या पक्क्या रस्त्यावर लॉक लावून गाडी वळवू नका, असं गाडीच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं.

चांगुणाबाईनं उरलेली दोरी हाताभोवती गुंडाळली. मग तिनं जो प्रश्न विचारला तो गावातल्या एकाही मिशीवाल्याला सुचला नव्हता.

"मंग चार बाया काहून सुटल्या?"

"त्यांच्या टायमाला खटका ऑटोवर होता."

"अन् माझ्या टायमाला फिरवला."

"व्हय."

"म्हंजी गाडीनं न्हाई धरलं मला," ती हळूहळू म्हणाली. "मानसानं निवडलं."

तिनं पदरानं हनुवटी पुसली. मग आत जाऊन घशात बोटं घालून सकाळचं सगळं ओकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मोहिनी आणि पद्माबाई पोलीस ठाण्यात गेल्या आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली लेखी तक्रार दिली. जमादार बाबूसिंग यांनी ती पुरती वाचली. "ताई, तुमचं समदं पटतं. पर लोकांसमोर उघडं पडू द्या, न्हाईतर ह्यो उद्या दुसऱ्या गावात पार शोधंल. गुरुवारी मी साध्या कपड्यात येतो."

मोहिनी किशनरावांकडंही गेली. पुनमला लगेच दवाखान्यात नेऊ, गाडीचं काय ते नंतर बघू, असं तिनं हात जोडून सांगितलं. किशनरावांनी नाही म्हणून मान हलवली. "आठ दिवस थांब. गुरुवारी कबूल झाली की निकाल लागंल." त्या आठ दिवसांत पुनम तीनदा पडली. एकदा चुलीजवळ पडली आणि तिचा कोपर भाजला.

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट होती. चेटकीण कबूल होणार म्हटल्यावर माणसं लेकराबाळांसकट आली होती, शिदोऱ्या बांधून आली होती. एका बाईच्या बेअब्रूला जत्रेचं रूप आलं होतं. मोहिनी चांगुणाबाईचा हात धरून रिंगणात आली आणि मान खाली घालून म्हणाली, "महाराज, काकू लई भेली. कबूल व्हायच्या आधी एक फेरी परत मारा. मी संग बसते, तिला धीर देते."

महाराज खूश झाला. भरल्या मैदानात सावज स्वतःहून चालत येतंय म्हटल्यावर कुणाला नको? "बसा! घरान्यातच असंल तर तेबी आजच उघडं पडंल! बस माय!"

चांगुणाबाई मागं बसली. मोहिनी मागं न बसता पुढचं दार उघडून शिवप्रसादच्या शेजारी बसली. तो चपापला, पण माइकवर महाराज सुरू झाला होता आणि हजार डोळे बघत होते. त्यानं गाडी चालू केली. स्टिअरिंग वळवलं. आणि त्याचा डावा हात झेंडूच्या हाराखाली गेला. टिक्.

गाडी चार हात गेली आणि कण्हू लागली. पहिला हिसका बसताच मोहिनीनं दोन्ही हातांनी हार धरला आणि ओढून काढला. दोरा तुटला, फुलं मांडीवर सांडली. हाराखाली एक गोल खटका होता, 'लॉक'वर फिरवलेला. त्याच्यावर, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या शेजारी, चार चाकांचं हिरवं चित्र लखलख पेटलेलं होतं.

"काकू, उतर खाली," मोहिनी म्हणाली. "शिवप्रसादभाऊ, तुमीबी उतरा."

"अय! रथाला हात लावला! ईटाळ केला!" महाराज किंचाळला. चेले धावले. साध्या शर्टातले बाबूसिंग पुढं झाले आणि आपण कोण ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. चेले जिथं होते तिथंच थबकले.

"किशनकाका," मोहिनीनं हाक मारली, "तुमी वीस वर्षं ट्रॅक्टर चालवता. या. तुमीच बसा."

किशनराव जागचे हलले नाहीत. मग त्यांची नजर पुनमकडं गेली. ती आईच्या मांडीवर होती, कोपराला चिंधी बांधलेली. ते आले आणि ड्रायव्हरच्या जागी बसले.

"मागं कोन बसलं हाय, काका?"

त्यांनी वळून पाहिलं. "कुनीच न्हाई."

"चालवा."

रिकामा रथ चार हात गेला. कण्हला. थरथरला. हिसका देऊन उभा राहिला. किशनरावांनी पुन्हा एकदा वळून रिकामी सीट पाहिली.

"आता जरा मागं घ्या, तिढा सुटू द्या. हां. आता हा खटका तुमच्या हातानं ऑटोवर फिरवा. अन् चालवा."

रथ पाराभोवती घरंगळत फिरला. एक फेरी, दुसरी फेरी.

"परत लॉक."

परत तेच कण्हणं, तेच हिसके.

"आता तसाच, लॉकवरच, खाली नांगरलेल्या वावरात न्या अन् फिरवा."

किशनरावांनी रथ रिंगणावरून उतरवला, मठाच्या शेजारच्या मोकळ्या वावरात नेला आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून गोल फिरवला. खटका लॉकवर, हिरवं चित्र पेटलेलं, आणि गाडी निवांत फिरत होती. ढेकळांत चाकं आपली जरा जरा घसरत होती, पोटात तिढा पडत नव्हता. चार फेऱ्या झाल्या तरी किशनराव थांबेनात. त्यांना आता कुणी काही सांगायची गरज नव्हती. ट्रॅक्टरवाला माणूस, त्याच्या हातालाच कळलं होतं.

मोहिनी माइकपाशी गेली. तिनं गाडीच्या खणातून कंपनीचं पुस्तक काढलं होतं. इंग्रजी ओळ वाचली आणि मराठीत सांगितली: कोरड्या, पक्क्या रस्त्यावर लॉक लावून वळू नये, गाडी अडेल, आवाज करेल. मग ती महाराजाकडं वळली. "महाराज, खटका कुठं हाय ते आता समद्यांला ठाऊक झालं. आता तुमी बसा मागं. तुमचाच रथ, तुमचेच वेद. मी चालवते."

महाराज पाराच्या मागं सरकत होता. "आमी... आमी रथात बसत नसतो. आमचं व्रत हाय."

गर्दीतून कुणीतरी खो खो हसलं. मग सगळेच हसले. मोहिनीला ते हसणंही आवडलं नाही. आठ दिवसांपूर्वी हेच लोक, याच जागी, हात जोडून उभे होते.

शिवप्रसादला बाबूसिंगांनी बाजूला घेतलं, पण तो सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलला. पूर्वी एका ठेकेदाराकडं अशीच गाडी चालवायचा. सिमेंटच्या अंगणात चुकून लॉकवर वळवली आणि गाडी अडली, ते गमतीनं महाराजाला सांगितलं. महाराजानं आठ दिवसांत रिंगण बांधून घेतलं. "ते 'बसा आई' म्हनले की ऑटो. 'बस माय' म्हनले की लॉक. कोनाला माय म्हनायचं ते त्यायनी ठरवायचं."

"अन् तुमाला काही वाटलं न्हाई?" पद्माबाईनं विचारलं.

त्यानं खांदे उडवले. "मी फक्त ड्रायव्हर हाय."

हे ऐकून चांगुणाबाई, जी आतापर्यंत एका कडेला उभी होती, पुढं आली. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग थुंकली. त्याच्यावर नाही, बाजूच्या मातीत.

बाबूसिंगांनी महाराजाला आणि शिवप्रसादला ठाण्यात नेलं, आणि त्याच दुपारी किशनरावांनी पुनमला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला आणि सांगितलं, मिरगी आहे. रोज गोळी घ्यायची, वेळ चुकवायची नाही, आम्हाला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. घाणेरड्या पाण्यानं पोटात जंत आणि जुलाब झाले होते, त्याचं औषध वेगळं. दोन महिने आधी आणली असती तर कोपर भाजला नसता, एवढंच डॉक्टर म्हणाले. किशनरावांनी ते मान खाली घालून ऐकलं. पुढच्या तीन महिन्यांत पुनमला एकदाच झटका आला, तोही हलका. ती शाळेत जाऊ लागली.

मग एक दिवस किशनराव चांगुणाबाईच्या दारात आले. मोहिनी सुट्टीला आलेली होती. ते उभेच राहिले. "वहिनी, चुकलं. लेकराच्या पायी अक्कल गेली व्हती. माफी द्या."

चांगुणाबाई मेंढीचं दूध काढत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "किशनराव, पन्नास वर्षं मी तुमच्या शेजारी राह्यले. तुमच्या बायकोचं बाळंतपण मी केलं. तुमी गाडीला इचारलं. मला काहून न्हाई इचारलं?"

किशनराव आल्या पावली परत गेले. माफी दिली की नाही, हे तिनं मोहिनीलाही कधी सांगितलं नाही. मंजुळाबाई पुन्हा येऊ लागली, तिच्याशी ती बोलते, पण पूर्वीसारखं नाही. काही गोष्टींना गोळी नसते.

तेव्हा वाचकांनो, सरळ सांगायचं ते एवढंच. तुमच्या घरातलं लेकरू असं ताठ होऊन पडलं तर त्याला कुशीवर वळवा. भोवतीच्या टणक वस्तू बाजूला सारा. तोंडात काही घालू नका, चप्पल नको, कांदा नको, चमचा नको, तीर्थ तर नकोच. घड्याळात वेळ बघा आणि दवाखाना गाठा. तो मेंदूचा आजार आहे आणि त्याला औषध आहे. आणि कधी कुणी गाडीवरून, नारळावरून, लिंबावरून, तांदळाच्या दाण्यावरून तुमच्या शेजारणीला चेटकीण ठरवू लागला, तर त्या वस्तूकडं टक लावून बसू नका. ती फिरवणारा हात कुठं आहे ते शोधा. वर हार घातला असेल तर उचलून बघा. ती वस्तू स्वतःच्या हातात घ्या, मागची सीट रिकामी ठेवा आणि पुन्हा चालवून पाहा. आणि शेजारणीवर बोट उचलण्याआधी तिच्या घरी जाऊन तिलाच विचारा.